जंगल राहिलं म्हणून गाव राहिलं



संयोजकांनी मला बजावलं आहे की परदेशातलं काहीतरी सांग, पण पाच मिनिटांत आटप. म्हणून आज फक्त मी राहतो त्या गावाबद्दल बोलतो.

गावाचं नाव पोर्ट डग्लस. ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँड राज्याच्या उत्तर किनाऱ्यावर, केर्न्स शहरापासून तासाभराच्या अंतरावर. वस्ती साडेतीन हजारांच्या आसपास. समोर समुद्रात ग्रेट बॅरियर रीफ, पाठीशी डेनट्रीचं सदाहरित जंगल. तिथल्या एका हॉटेलात मी हिशेब बघतो. तुमच्याकडे आंब्याला मोहोर येतो, तेव्हा आमच्याकडे पावसाळा सुरू होतो. त्या दिवसांत समुद्रात विषारी जेलीफिश येतात, म्हणून जाळी लावलेल्या भागातच पोहायचं. मगरींपासून सावध करणाऱ्या पाट्या मात्र बाराही महिने.

हे गाव 1877 मध्ये वसलं, ते सोन्यामुळे. आतल्या डोंगरात सोनं सापडलं आणि त्यासाठी बंदर हवं होतं. पुढे रेल्वे आली ती केर्न्सला, आणि व्यापार तिकडे गेला. 1911 च्या चक्रीवादळाने जवळजवळ सगळं गाव उद्ध्वस्त केलं. जवळच्या मॉसमनच्या कारखान्याची साखर इथून बोटीत चढत असे, तीही 1958 पासून केर्न्सहून जाऊ लागली. 1960 च्या सुमारास गावात शंभरेक माणसं उरली होती. बंद घरं आणि रिकामा धक्का. आपल्या कोकणातल्या माणसाला हे चित्र समजावून सांगायला नको.

मग हे गाव पुन्हा उभं कसं राहिलं? ज्या जंगलाकडे आधी लाकूड म्हणून किंवा अडचण म्हणून पाहिलं जायचं, ते बघायला लोक येऊ लागले. पण ते जंगल आपोआप टिकलं नाही. 1983 मध्ये उत्तरेला केप ट्रिब्युलेशनजवळ जंगलातून रस्ता काढायला बुलडोझर आले, तेव्हा माणसं आडवी आली. रस्ता झालाच. पण देशभर चर्चा झाली आणि राज्य सरकारचा विरोध असतानाही 1988 मध्ये या जंगलांना जागतिक वारशाचा दर्जा मिळाला. 2021 मध्ये डेनट्री राष्ट्रीय उद्यानाची मालकी मूळच्या कुकू यलांजी लोकांना परत मिळाली. आता ते आणि सरकार मिळून त्याची देखभाल करतात.

सगळं गोड आहे असं नाही. डिसेंबर 2023 मध्ये जॅस्पर वादळानंतर इतका पाऊस झाला की दरडी कोसळून केर्न्सचा रस्ता कित्येक आठवडे बंद राहिला. पाहुणेच नाहीत, तर हॉटेलात हिशेब कसला? त्यातच 1897 पासून चालत आलेल्या मॉसमनच्या कारखान्यात 2024 चा गळीत हंगाम झालाच नाही. केवळ पर्यटनावर जगणारं गाव किती नाजूक असतं, ते तेव्हा जवळून पाहिलं. तरी गाव उठलं, कारण लोक ज्यासाठी येतात ते जागेवर होतं.

हे सगळं इथे सांगण्याचं कारण आहे. आपल्यापैकी अनेकांची नावं गावच्या सातबारावर आहेत. सामायिक जमीन, भावंडं मुंबई-पुण्यात, कोणी बाहेर. दलालाचा फोन येतो, दर बरा वाटतो, सही होते. पुढच्या वेळी गावी जावं तर डोंगर कापलेला असतो. आपला सह्याद्रीही सदाहरित जंगलाचा. पश्चिम घाटातल्या काही जागांना 2012 मध्ये तोच वारशाचा दर्जा मिळाला. आपल्या देवरायांत धनेश अजून फळं खातो आणि बिया पेरतो. आमच्याकडे तेच काम कॅसोवरी नावाचा माणसाएवढा उंच पक्षी करतो.

जमीन विकूच नका, असं मी म्हणणार नाही. प्रत्येकाची गरज वेगळी. एवढीच विनंती आहे की सही करण्याआधी आपल्या बॅचच्या ग्रुपवर एक ओळ टाका. आपल्यात वकील आहेत, शेतकरी आहेत, बँकेतले आहेत. कदाचित आपल्यातलंच कोणी ती जागा घेईल, कदाचित झाडं राखून उत्पन्नाचा रस्ता सुचवेल. चाळीस जणांनी विचार केला तर एखादा डोंगर तरी वाचेल.

माझी पाच मिनिटं संपली.