शिष्यवृत्ती : शुल्काची आणि निर्वाहाची



बारावीचा निकाल लागला की घराघरांत गुणांची चर्चा सुरू होते. ती ओसरली की खर्चाची चर्चा सुरू होते आणि ती बहुधा मुलांच्या माघारी होते. कोरडवाहू शेतीवर जगणाऱ्या, ऊसतोडीला जाणाऱ्या किंवा शहरात रोजंदारीवर राबणाऱ्या कुटुंबात या दुसऱ्या चर्चेचा निर्णय पुष्कळदा पहिल्या निकालावर मात करतो. शासनाची शिष्यवृत्ती असते, हे अशा घरांना ऐकून ठाऊक असते. परंतु ती नेमकी कशासाठी मिळते, किती मिळते आणि केव्हा हाती पडते, हे तीन प्रश्न विचारले तर उत्तर देणारा सहसा भेटत नाही.

यांपैकी पहिलाच प्रश्न फार जुना आहे. शुल्क माफ झाले म्हणजे शिक्षण फुकट झाले, असा एक सोयीस्कर समज आहे. ज्यांनी महाराष्ट्रात शिक्षणाची गंगा खेड्यापर्यंत नेली त्यांचा मात्र तो समज नव्हता. राजर्षी शाहू महाराजांनी १९०१ साली कोल्हापुरात व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग सुरू केले. पुढे निरनिराळ्या समाजांसाठी वसतिगृहे निघाली, १९०८ साली अस्पृश्य मानल्या गेलेल्या मुलांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग उभे राहिले. खेड्यातून आलेल्या मुलाने रात्री पाठ कोठे टेकावी आणि दोन वेळा काय खावे, याची सोय झाल्याखेरीज शाळेचे दार उघडे असून उपयोग नाही, हे महाराजांनी ओळखले होते. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९२४ साली साताऱ्यात वसतिगृह काढले, तेव्हा मुलांच्या जेवणाची चिंता त्यांच्या घरातच होती. पत्नी लक्ष्मीबाई यांचे दागिने त्या चुलीपायी गेले, मंगळसूत्रही उरले नाही. १९४७ साली साताऱ्यात छत्रपती शिवाजी महाविद्यालय निघाले, तेही 'कमवा आणि शिका' या तत्त्वावर.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे उदाहरण तर याहून बोलके आहे. त्यांना मिळालेल्या शिष्यवृत्तीचा उल्लेख गौरवाने होतो. ती संपली तेव्हा काय झाले, याचा उल्लेख क्वचितच होतो. एल्फिन्स्टन महाविद्यालयात शिकत असताना बडोद्याच्या सयाजीराव महाराजांकडून त्यांना दरमहा २५ रुपये मिळत. १९१३ साली महाराजांनीच त्यांना कोलंबिया विद्यापीठात धाडले. दरमहा साडेअकरा पौंड, मुदत तीन वर्षे आणि परतल्यावर दहा वर्षे संस्थानची नोकरी, असा करार होता. अमेरिकेतून ते लंडनला गेले, तेथे अर्थशास्त्राचा आणि बॅरिस्टरीचा अभ्यास सुरू झाला आणि १९१७ साली शिष्यवृत्ती संपली. प्रबंध अपुरा टाकून त्यांना परतावे लागले. मधली तीन वर्षे गेली. सिडनहॅम महाविद्यालयातील प्राध्यापकीतून शिल्लक टाकलेले पैसे, शाहू महाराजांचे साहाय्य आणि नवल भथेना या मित्राकडून घेतलेले कर्ज यांच्या बळावर १९२० साली ते पुन्हा लंडनला गेले आणि १९२३ साली डी.एस्सी. झाले. असामान्य बुद्धीच्या आणि जिद्दीच्या विद्यार्थ्यालाही पैसा वेळेवर नसेल तर अर्ध्या वाटेवरून परतावे लागते. सामान्य मुलगा परततो तो बहुधा पुन्हा जात नाही.

अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती १९४४ साली सुरू झाली. त्या वेळी बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात होते आणि तिच्यामागे त्यांचा आग्रह होता. यशवंतराव चव्हाण मुख्यमंत्री असताना केवळ आर्थिक निकषावर शुल्कात सवलत देणारी ई.बी.सी. योजना आली आणि 'नादारी' या शब्दातील ओशाळेपणा थोडा कमी झाला. आजची राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती योजना त्याच परंपरेतील आहे. कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न आठ लाख रुपयांपर्यंत असलेल्यांसाठी ती आहे. जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने या उत्पन्नमर्यादेतील आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास वर्ग आणि इतर मागास वर्ग यांतील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण व परीक्षा शुल्क शंभर टक्के माफ झाले. प्रवेश मात्र केंद्रीभूत प्रक्रियेतून झालेला असावा लागतो. व्यवस्थापन कोट्यातील प्रवेशाला, तसेच खाजगी अभिमत आणि स्वयंअर्थसहाय्यित विद्यापीठांना ही माफी लागू नाही. ही अट प्रवेश घेण्यापूर्वीच वाचावयाची असते, नंतर वाचून केवळ पश्चात्ताप पदरी पडतो.

ही झाली शुल्काची बाजू. निर्वाहाची बाजू पाहू. भारत सरकारच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीत अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यासाठी अडीच लाख रुपयांची उत्पन्नमर्यादा आहे. २०२१ च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे शुल्काव्यतिरिक्त शैक्षणिक भत्ता मिळतो. वसतिगृहात राहणाऱ्यास त्याचा सर्वांत वरचा दर वर्षाला १३,५०० रुपये आहे, म्हणजे महिन्याला सव्वाअकराशे. पुण्यातील खाणावळीचा दर ज्याला ठाऊक आहे त्याला पुढचा हिशेब सांगावयास नको. उत्पन्न अडीच लाखांच्या वर असेल तर शुल्कमाफी मिळते, भत्ता नाही.

ही उणीव ओळखून राज्य शासनाने २०१६-१७ पासून डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना सुरू केली. शासकीय वसतिगृहात प्रवेश न मिळालेल्या अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांना ती लागू आहे. मुंबई, पुण्यासारख्या शहरात भोजनासाठी ३२,००० रुपये, निवासासाठी २०,००० आणि निर्वाहासाठी ८,००० असे वर्षाला ६०,००० रुपये हे तिचे स्वरूप. लहान शहरांसाठी दर कमी आहेत. आदिवासी विद्यार्थ्यांसाठी पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयम् योजना, इतर मागास वर्ग व भटक्या विमुक्तांसाठी ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजना आणि अल्पभूधारक शेतकऱ्यांच्या व नोंदणीकृत मजुरांच्या मुलांसाठी डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता योजना याच प्रकारच्या आहेत. शुल्कमाफीइतका यांचा बोलबाला होत नाही. परंतु गरीब घरातील मुलाला महाविद्यालयात टिकवून धरण्याचे काम याच योजना करतात.

आता तिसरा प्रश्न, पैसा हाती केव्हा पडतो हा. शिष्यवृत्तीचे अर्ज महाडीबीटी संकेतस्थळावर भरावे लागतात. अर्ज भरला म्हणजे काम संपले, अशी विद्यार्थ्याची समजूत असते. प्रत्यक्षात तो अर्ज आधी महाविद्यालयाने तपासून पुढे पाठवावा लागतो, नंतर तो विभागाकडे जातो. महाविद्यालयाच्या लिपिकाकडे अर्ज पडून राहिला तर विद्यार्थ्याला त्याची गंधवार्ता नसते. गुणपत्रिकेवर एक नाव आणि आधारपत्रावर दुसरे असेल तर अर्ज परत येतो. आधारशी शेवटचे जोडलेले बँक खाते आईने कधीतरी गॅसच्या अनुदानासाठी उघडून दिलेले निघाले, तर रक्कम त्या विसरलेल्या खात्यात जाऊन बसते. महिन्यातून एकदा अर्जाची स्थिती पाहणे, हा यावरचा साधा उपाय आहे.

अनुसूचित जातींच्या शिष्यवृत्तीत केंद्राचा वाटा ६० टक्के आणि राज्याचा ४० टक्के आहे. केंद्राचा वाटा थेट विद्यार्थ्याच्या खात्यात येतो. त्यात महाविद्यालयाला द्यावयाचे शुल्कही असते. ही रक्कम ऐन पेरणीच्या तोंडावर आली आणि घरात बियाण्याची निकड असली, तर काय होते हे सांगण्याची गरज नाही. त्या पालकाला दोष देणे सोपे आहे. पण शुल्काची थकबाकी वाढली की संस्था गुणपत्रिका अडवते आणि पुढच्या वर्षाचा प्रवेश अडतो, ही गोष्ट त्याला आधी कोणी सांगितलेली नसते. ती सांगण्याचे काम महाविद्यालयाचे आहे. शासनाच्या बाजूचे उत्तरदायित्वही तितकेच मोठे आहे. जूनमध्ये लागणारा भोजनाचा पैसा परीक्षेनंतर पोहोचला, तर कागदोपत्री खर्च पूर्ण दिसतो. विद्यार्थ्याचे वर्ष मात्र उसनवारीत गेलेले असते, किंवा तो गावी परतलेला असतो.

राहता राहिली कागदपत्रांची गोष्ट. उत्पन्नाचा दाखला, अधिवास प्रमाणपत्र, जातीचा दाखला, जेथे लागेल तेथे नॉन-क्रिमिलेअर प्रमाणपत्र आणि व्यावसायिक अभ्यासक्रमांसाठी जात वैधता प्रमाणपत्र यांपैकी शेवटच्या कागदाला सर्वांत अधिक वेळ लागतो, म्हणून त्याचा अर्ज अकरावी-बारावीतच झालेला बरा. उत्पन्नाचा दाखला तहसील कार्यालयातून मिळतो. आपले सरकार सेवा केंद्रातही अर्ज करता येतो आणि लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ मुळे त्याला मुदतीचे बंधन आहे. निकाल लागल्यावर या केंद्रांपुढे रांगा लागतात. एप्रिलमध्ये नवे आर्थिक वर्ष सुरू होताच गेल्या वर्षाच्या उत्पन्नाचा दाखला काढता येतो, तेव्हा तेथे फारशी गर्दी नसते.