वराडचे वराडकर आणि आयर्लंडचे संयुक्त सरकार

मालवण तालुक्यातील वराड हे गाव १९८१ साली सिंधुदुर्ग जिल्हा स्वतंत्र होईपर्यंत आपल्या रत्नागिरी जिल्ह्याच्याच दफ्तरी होते. तेथील डॉक्टर अशोक वराडकर वैद्यकीच्या व्यवसायानिमित्त विलायतेस गेले, पुढे आयर्लंडमध्ये स्थायिक झाले, आणि त्यांचे चिरंजीव लिओ २०१७ साली त्या देशाचे पंतप्रधान झाले, ही वार्ता कोकणाने अभिमानाने ऐकली.

८ फेब्रुवारी २०२० च्या निवडणुकीत मात्र १६० जागांपैकी त्यांच्या फिना गेल पक्षास ३५, फिअना फॉल पक्षास ३८ आणि शिन फेनला ३७ जागा मिळाल्या. तेथे मतदार पसंतीक्रम नोंदवितो व प्रत्येक मतदारसंघ तीन ते पाच प्रतिनिधी धाडतो; त्यामुळे एका पक्षास निर्भेळ बहुमत दुर्लभच.

इंग्लंडशी झालेल्या तहावरून १९२२ साली पेटलेल्या यादवीत ज्यांच्या पूर्वसूरींनी एकमेकांवर शस्त्र उपसले, ते फिना गेल व फिअना फॉल, बारा जागांच्या ग्रीन पक्षास सोबत घेऊन, चार महिन्यांहून अधिक वाटाघाटींनंतर २७ जून रोजी प्रथमच एका मंत्रिमंडळात बसले. ग्रीन पक्षाने तर या युतीच्या करारास आपल्या मतदान करणाऱ्या सभासदांपैकी दोन-तृतीयांशांची संमती अनिवार्य मानली होती.

पंतप्रधानपद पाळीने ठरले: प्रथम फिअना फॉलचे मिहाल मार्टिन, मग वराडकर. मला विशेष आदर वाटतो तो या शब्दाच्या पालनाचा. डिसेंबर २०२२ मध्ये मार्टिन ठरल्याप्रमाणे पायउतार झाले, आणि वराडकरांनी एप्रिल २०२४ पर्यंत पुन्हा कारभार पाहिला.