वऱ्हाड सापडत नाही



दप्तराची दुर्दशा ही काही संगणकाने आणलेली नवी व्याधी नव्हे. वाळवीने पोखरलेली बारनिशी आणि पावसाने एकजीव झालेले बस्ते ज्यांनी पाहिले, त्यांना छायाचित्रे, पोथ्यांच्या प्रतिमा आणि ध्वनिमुद्रणे एकत्र ठेवून त्यांची फेरिस्त राखणारी आजची सॉफ्टवेअरे वरदान वाटली, यात नवल नाही. नवल आहे ते, वाळवी नाही, पाऊस नाही, आणि तरीही जागच्या जागी असलेली वस्तू सापडेनाशी होते याचे.

अमरावतीच्या एका संस्थेने मला पाचारण केले ते अशाच तक्रारीवरून. कापसाच्या गाड्यांचे एक जुने छायाचित्र, पाठीवर शिसपेन्सिलीने ‘वऱ्हाड, कापूस’ एवढाच मजकूर. तो नोंदीत जसाच्या तसा उतरवलेला. पण शोधात ‘वऱ्हाड’ घातले की उत्तर ‘नोंद नाही’, आणि ‘कापूस’ घालताच चित्र पुढ्यात हजर! मर्म असे, की या नावातील अर्धा र युनिकोडात दोन वाटांनी लिहिता येतो: ‘ऱ’ या स्वतंत्र अक्षराला हलन्त जोडून, किंवा साध्या र-ला हलन्त आणि त्यापुढे डोळ्यांना न दिसणारे एक जोडचिन्ह देऊन. कागदावर दोन्ही रूपे सारखीच, यंत्राच्या लेखी मात्र ते दोन निराळे शब्द. आणि दोन कारकुनांचे दोन कळफलक म्हटल्यावर आमच्या प्रांताची अशी फाळणी झाली होती. अशा वेळी आधी सर्व नोंदींची नक्कल काढून ठेवावी, मग एका रूपाच्या जागी दुसरे सरसकट घालावे, आणि शोधसूची नव्याने बांधण्याची आज्ञा द्यावी. ही शेवटची पायरी गाळली, तर दुरुस्ती होऊनही सॉफ्टवेअर जुनेच उत्तर देत राहते. याच अमरावतीचा कापूस लिव्हरपूलच्या बाजारात ‘ऊमरा’ म्हणून ओळखला जाई, तेव्हा नावांचे पर्यायही नोंदीत असावेत हे ओघानेच आले.

जुन्या फॉन्टांत टंकलेल्या नोंदी म्हणजे वरून देवनागरी, आत रोमन अक्षरे; त्यांची गत रिद्धपुराकडील महानुभावांच्या सांकेतिक सकळा लिपीतल्या पोथ्यांसारखी, किल्ली ज्याच्यापाशी त्यालाच वाचता येण्याची. अशा नोंदींचे युनिकोडात रूपांतर एकदाच, परंतु तपासून करावे.

अकोल्यात पाहिलेली चूक याहून दुःखद. दिवाळीच्या साफसफाईत कोणा उत्साही गृहस्थाने चित्रांचे फोल्डर नव्या डिस्कवर नेले. सॉफ्टवेअरपाशी होता तो केवळ जुना पत्ता, त्यामुळे प्रत्येक चित्रावर प्रश्नचिन्ह उमटले. घाबरून लेखनिकाने साऱ्या नोंदी खोडल्या आणि चित्रे पुन्हा भरली. चित्रे आली, वर्षानुवर्षे लिहिलेले तपशील गेले. बिऱ्हाड हलवले म्हणून कोणी मयत होत नाही, श्रोतेहो. नवा पत्ता कळवला की भागते, आणि तशी सोय सॉफ्टवेअरात बहुधा असते.

अमरावतीची दुरुस्ती संपल्यावर मी पुन्हा ‘वऱ्हाड’ घातले. गाड्यांचे चित्र निघाले, आणि त्याच्यामागोमाग फेटे बांधलेली, वाजंत्री लावलेली, लग्नाला निघालेली वऱ्हाडेही निघाली. ती निवडून काढायला तिथल्या लेखनिकाला पुढे दोन दिवस लागले.