माईंना माहेरही नव्हतं

(प्रभागसंघाच्या इगतपुरी येथील ४ जानेवारीच्या महिला मेळाव्यात केलेलं भाषण. ज्या मैत्रिणींना येता आलं नाही, त्यांच्यासाठी इथे देत आहोत.)

व्यासपीठावरच्या आणि समोर सतरंजीवर दाटीवाटीने बसलेल्या माझ्या तायांनो, मावश्यांनो,

सोंगणी झाली, झोडणी झाली, भात घोटीच्या बाजारात गेला, म्हणून आज एवढ्या जणींना फुरसत मिळाली. काल ३ जानेवारीला आपण गावोगावी सावित्रीबाईंची जयंती केली. आज ४ जानेवारी. २०२२ साली याच दिवशी पुण्यात सिंधुताई सपकाळ, आपल्या माई, गेल्या. वय होतं ७३. माईंनी चिखलदऱ्याला मुलींसाठी वसतिगृह काढलं, तेव्हा त्याला नाव दिलं सावित्रीबाई फुल्यांचं. म्हणून या दोघींना लागोपाठ आठवायला मला बरं वाटतं.

माईंची गोष्ट तुम्हाला नवीन नाही. २०१० साली त्यांच्यावर सिनेमा आला, तो आपण टीव्हीवर पाहिला, पदराने डोळे पुसले आणि उठून भाकरी टाकायला गेलो. आज मला कुणाला रडवायचं नाही. पण त्या गोष्टीत काही जागा अशा आहेत की आपण तिथून भरभर पुढे निघतो. तिथे जरा थांबू या.

जन्म १४ नोव्हेंबर १९४८ चा, वर्धा जिल्ह्यातल्या पिंपरी मेघे गावचा. घरात मुलगी नको होती, म्हणून नाव पडलं चिंधी. गुरं राखता राखता चौथीपर्यंत शाळा झाली. लहान वयातच लग्न झालं, नवरा वयाने बराच मोठा. तीन मुलगे झाले आणि चौथ्यांदा दिवस गेले. इथपर्यंतची गोष्ट आपल्यातल्या कितीतरी जणींच्या आईची, आजीची आहे.

आता पहिली जागा. शेण. जंगलात चरणाऱ्या गुरांचं शेण गावातल्या बायांनी काढायचं, त्याचा लिलाव व्हायचा, पैसा दुसऱ्यांच्या खिशात जायचा आणि बायांच्या हातात काही नाही. सिंधूने विचारलं, शेण आम्ही काढतो, मग आमची मजुरी कुठाय? एवढाच प्रश्न. त्या प्रश्नाने ज्यांचं नुकसान होत होतं, त्यांनी मजुरीवर वाद घातला नाही. त्यांनी तिच्या चारित्र्यावर बोट ठेवलं, पोटातलं मूल नवऱ्याचं नाही असं उठवून दिलं. नवऱ्याने ते खरं मानलं आणि भरल्या दिवसांच्या बाईला मारून गोठ्यात टाकलं.

आपण म्हणतो, माईंच्या नशिबी भोग आले. नशीब कसलं हो? तिने हिशेब मागितला होता! आपण बचत गटातल्या बाया, दर बैठकीला हिशेब मागतो, नोंदवहीत लिहितो, सही करतो. आवणीच्या दिवसांत एकाच खाचरात गड्याला किती रोज आणि बाईला किती, हे एकदा आठवून बघा. आणि ते मोठ्याने विचारणाऱ्या बाईबद्दल गावात काय बोललं जातं, तेही आठवा.

१४ ऑक्टोबर १९७३ ला गोठ्यात मुलगी झाली. नाळ त्यांनी स्वतः दगडाने ठेचून तोडली. एक गाय त्यांच्यावर उभी राहून बाकीच्या गुरांपासून राखण करत होती, असं माई पुढे भाषणांत सांगायच्या. वर्ध्याकडे त्यांनी गाईंसाठी आसरा काढला तो त्यामुळेच.

दुसरी जागा यापुढची. तान्ही पोर घेऊन ही ओली बाळंतीण चालत निघाली कुठे? माहेरी. आणि आईने घरात घेतलं नाही.

इथे आपण थांबतच नाही. नवऱ्याला शिव्या घालून मोकळ्या होतो. पण नवऱ्याने टाकलेली बाई आईच्या दारात उभी राहिली असती, चार महिने विसावली असती, तर तिला स्मशानात झोपावं लागलं नसतं. चितेच्या विस्तवावर भाकरी भाजायची वेळ आली नसती. आई वाईट होती असं मी म्हणत नाही. लोक काय म्हणतील, हा धाक त्या दारात आईच्याही आधी उभा होता. आपल्या गावात लेक रात्री परत येते, तेव्हा सकाळी पाणवठ्यावर पहिली कुजबुज कोण करतं? पुरुष नाही करत बायांनो.

मग माई रेल्वेत आणि फलाटावर गाणी म्हणून भीक मागू लागल्या. आपण रेल्वेच्या गावच्या. गाडी कसारा घाट चढून येते, इथे थांबते, आणि फलाटावर कोण कोण उतरतं ते आपण लहानपणापासून बघतो. तिथेच त्यांना टाकलेली, चुकलेली पोरं भेटत गेली. मिळेल ते त्यांनी त्यांच्यात वाटून खाल्लं. पुढे चिखलदऱ्याकडे व्याघ्र प्रकल्पापायी ८४ गावांच्या आदिवासींवर उठायची पाळी आली, तेव्हा त्यांच्यासाठीही त्या भांडल्या. दारणा, मुकणे, भावली, वैतरणा ही धरणं ज्या तालुक्यात आहेत, तिथे घर उठणं म्हणजे काय हे मी वेगळं सांगायला नको.

आणखी एका गोष्टीवर बोलावं की नाही, माझं ठरत नव्हतं. माईंनी स्वतःची मुलगी ममता पुण्याच्या दगडूशेठ हलवाई गणपती ट्रस्टकडे सोपवली. कारण पोटची जवळ असली, तर घास देताना हात तिच्याकडे आधी जाईल, बाकीच्या लेकरांवर अन्याय होईल. लोक याला थोर त्याग म्हणतात. मला आई म्हणून ते ऐकताना आजही पोटात कालवतं. त्या लेकीच्या बाजूने कुणी बघायचं? पण ममताताई शिकल्या, मोठ्या झाल्या आणि आईच्याच कामाला लागल्या. सासवडजवळ कुंभारवळणला बालसदन आहे, त्याला नाव ममताचंच आहे.

माईंनी हजाराहून जास्त लेकरं वाढवली. अठरा वर्षं झाली म्हणून कुणाला बाहेर काढलं नाही, नोकरी लागेपर्यंत, लग्न होईपर्यंत सांभाळलं. पैसा कुठून आला? गावोगाव भाषणं करून, भाषण संपल्यावर पदर पसरून. नोव्हेंबर २०२१ मध्ये राष्ट्रपतींच्या हातून पद्मश्री घेतली आणि दोन महिन्यांत गेल्या. म्हातारपणी नवरा आसऱ्याला आला, तर त्याला नवरा म्हणून नव्हे, मूल म्हणून ठेवून घेतलं. ते त्यांचं मोठेपण. पण हा दाखला देऊन मार खाणाऱ्या बाईला "माईंनी माफ केलं, तूही कर" असं कुणी सांगू नका. माईंनी माफ केलं ते स्वतःच्या पायावर उभं राहिल्यावर, स्वतःच्या घरात.

आता कामाचं. १९७३ साली माईंना जे नव्हतं, ते आज आपल्याजवळ आहे. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याने घर कुणाच्याही नावावर असो, नांदत्या बाईला त्या घरात राहायचा हक्क आहे. त्यासाठी संरक्षण अधिकारी असतो, त्याच्याकडे तक्रार देता येते. वकिलाला पैसे नाहीत म्हणून गप्प बसू नका. बाईला मोफत कायदेशीर मदत मिळते, उत्पन्न कितीही असो. रात्रीअपरात्री १८१ वर फोन लावा, जिवावर बेतलं तर ११२. आणि स्टेशनात, बाजारात एकटं लेकरू दिसलं तर माईंसारखं थेट घरी आणू नका. काळ बदलला, कायदाही बदलला. १०९८ ला फोन करा किंवा पोलिसांकडे जा. चोवीस तासांच्या आत ते लेकरू बालकल्याण समितीपुढे जायला हवं. मायेपोटी ठेवून घेतलं तरी अडचणीत याल.

पण फोन लावल्यापासून मदत येईपर्यंतची रात्र कुठे काढायची? त्या रात्रीसाठी कायदा नाही, दार लागतं. म्हणून माझी सूचना अशी : प्रत्येक ग्रामसंघाने दोन घरं ठरवावीत, जिथे बाई लेकरासह कधीही आली तरी कडी उघडेल. त्या घरच्या माणसांना आधी विचारून घ्या, नाहीतर भांडण तिथेच सुरू होईल. तिच्या औषधपाण्याला, गाडीभाड्याला जोखीम प्रवणता निधीतून किती द्यायचे, हेही आधीच ठरवून लिहून ठेवा. ऐन वेळी सह्यांसाठी अध्यक्षांना शोधत बसायला नको.

पुढच्या मासिक सभेत हा विषय घेतला आहे. येताना दोन्ही घरांची नावं कागदावर लिहू नका, अध्यक्ष आणि सचिवांच्या कानावर घाला. कुठलं घर ते सगळ्या गावाला कळलं, तर मारणाराही तिथेच येईल.