तुम्ही काय काम करता?

(शाळेच्या आरोग्य सप्ताहात एका त्वचारोगतज्ज्ञ डॉक्टरांनी मुलांपुढे केलेले भाषण)



जरा आपापल्या हाताकडे पाहा. हातावरची ही कातडी, म्हणजे त्वचा, किती पातळ आहे! पण तीच आपल्या शरीराची तटबंदी आहे. आतले पाणी ती आत ठेवते आणि बाहेरची घाण बाहेर. तिचा वरचा थर किंचित तेलकट असतो. तो निघून गेला, की कातडी कोरडी पडते, तडकते, आग होते.

आता मी तुम्हांला एका दूरच्या बेटावर नेतो. सिंगापूरच्या नैर्ऋत्येला जुरोंग आयलंड नावाचे बेट आहे. पूर्वी तेथे सात लहान बेटे होती. मधला समुद्र भरून त्यांचे एकच मोठे बेट केले. १४ ऑक्टोबर २००० रोजी त्याचे उद्घाटन झाले. तेथे खनिज तेल शुद्ध करण्याचे आणि रसायने बनवण्याचे मोठमोठे कारखाने आहेत. सिंगापूरला कामासाठी आपल्या देशातूनही पुष्कळ माणसे जातात. हा देश विषुववृत्ताजवळ आहे. तेथे बारा महिने उकाडा असतो. त्यात कामगारांच्या अंगावर जाड कपडे, हातांत मोजे आणि पायांत बूट!

समजा, असा एक कामगार डॉक्टरांकडे आला. त्याच्या मांड्यांवर आणि हातांवर केसांच्या मुळाशी काळपट पुळ्या आल्या आहेत. डॉक्टर आधी नीट पाहतात. नायटा असेल, तर चट्टा बहुधा गोल असतो आणि त्याची कड उठून दिसते. खरूज असेल, तर रात्री खाज वाढते. बरोबर राहणाऱ्यांनाही खाज सुटते. येथे तसे काहीच नाही. मग डॉक्टर विचारतात, "तुम्ही काय काम करता?"

हा प्रश्न साधा वाटतो ना? पण सन १७०० मध्ये इटलीतील रामाझिनी नावाच्या वैद्याने कामगारांच्या आजारांवर एक ग्रंथ लिहिला. रोग्याला त्याचा धंदा अवश्य विचारा, असे त्याने इतर वैद्यांना सांगितले.

कामगार म्हणतो, "यंत्रांची दुरुस्ती करतो. तेलाने भिजलेले कपडे दिवसभर अंगावर असतात." झाले, उत्तर सापडले! तेलाने केसांची मुळे बुजली होती. उपाय कोणता? तेलकट कपडे लगेच बदलायचे, अंग साबणाने धुवायचे आणि डॉक्टरांनी दिलेले औषध लावायचे.

कधी कधी मात्र उत्तर इतके सहज सापडत नाही. एखाद्याला वांग्याचे वावडे असते ना? तसे एखाद्याच्या कातडीला सिमेंटमधल्या क्रोमियमचे किंवा मोज्यांच्या रबरातल्या रसायनाचे वावडे असते. ते ओळखण्याची युक्ती १८९५ साली याडासोन या जर्मन डॉक्टरांनी दाखवली. संशय असलेले पदार्थ अगदी थोडे थोडे घेऊन पाठीवर पट्टीने चिकटवतात. दोन दिवसांनी पट्टी काढतात. जेथे लाल पुरळ उठले, तो पदार्थ वावड्याचा! सिंगापूरमध्ये १९८८ साली राष्ट्रीय त्वचा केंद्र सुरू झाले. तेथेही अशी तपासणी करतात. एकदा पदार्थ कळला, की त्याच्यापासून दूर राहणे हेच मोठे औषध.

आणि गंमत पाहा! ज्या खनिज तेलाने कातडीला त्रास होतो, त्यापासूनच पेट्रोलियम जेली मिळते. कोरड्या कातडीवर तीच आपण लावतो.

मुलांनो, असे कामगार आपल्या गावातही आहेत. गवंडीकाका दिवसभर सिमेंट कालवतात. गॅरेजमधला दादा हातांचे काळे डाग रॉकेलने धुतो. रॉकेलने डाग जातात, पण कातडीचे तेलही जाते. त्याला साबण आणि पाणी वापरायला सांगा. काम सुटेल या भीतीने पुष्कळ जण हाताचा त्रास लपवतात आणि तो वाढत जातो. इतर लोक अशा माणसाच्या शेजारी बसायलाही कचरतात. पण सिमेंटने किंवा तेलाने झालेला आजार एकाचा दुसऱ्याला होत नाही.

आज घरी गेल्यावर तुमच्या आईबाबांचे हात पाहा. ते खरखरीत असतील, तडकलेले असतील. ते हात आपल्या हातात घ्या आणि विचारा, "दुखते का हो? डॉक्टरांना दाखवू या का?" आणि डॉक्टरांकडे गेलात, तर त्यांनी विचारण्याआधीच सांगा, "डॉक्टर, माझे बाबा हे काम करतात."