युद्धातील चालक आणि शांततेतील बंद दार
(व्याख्यानाचा संक्षिप्त मजकूर)



दुसऱ्या महायुद्धातील सेनापतींची चरित्रे पुष्कळ लिहिली गेली. परंतु त्यांच्या रणगाड्यांपर्यंत पेट्रोल कोणी पोहोचवले, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. १९४४ च्या ऑगस्टमध्ये अमेरिकन सैन्य नॉर्मंडीतून मुसंडी मारून पुढे गेले आणि पुरवठ्याची तळे मात्र मागे किनाऱ्यावरच राहिली. फ्रान्सचे लोहमार्ग दोस्तांनी स्वतःच बॉम्बफेक करून मोडले होते. तेव्हा सगळा भार मालमोटारींवर पडला. २५ ऑगस्ट ते १६ नोव्हेंबर १९४४ या काळात चाललेल्या या वाहतुकीला ‘रेड बॉल एक्स्प्रेस’ असे नाव होते. जाण्याचा रस्ता वेगळा, येण्याचा वेगळा, आणि दोन्ही इतर वाहनांना बंद. २९ ऑगस्टला या मार्गावर ५,९५८ गाड्या होत्या व त्यांनी एका दिवसात बारा हजार टनांहून अधिक माल वाहिला. ताशी २५ मैलांची मर्यादा कागदावर होती. चालक इंजिनावरचे वेगनियंत्रक काढून टाकीत. रात्री आघाडीजवळ दिव्यांची केवळ बारीक फट उघडी. झोप अशी नाहीच.

या चालकांपैकी सुमारे तीन-चतुर्थांश कृष्णवर्णीय होते. हा काही योगायोग नव्हे. अमेरिकेचे सैन्य तेव्हा वर्णभेदावर उभे होते आणि कृष्णवर्णीय सैनिकांना बहुतांशी हमाली, बांधकाम व वाहतूक याच कामांवर नेमीत. सैन्यातील वर्णभेद मोडण्याचा अध्यक्ष ट्रुमन यांचा आदेश निघाला तो २६ जुलै १९४८ रोजी, म्हणजे युद्ध संपल्यावर तीन वर्षांनी.

आता असा एक माणूस डोळ्यांसमोर आणावा, की जो १९४४ साली वीस वर्षांचा होता आणि फ्रान्समध्ये रात्रंदिवस ट्रक हाकीत होता. घरी परतल्यावर त्याने कोणते काम मागावे? अर्थातच लांब पल्ल्याच्या ट्रकचे. युद्धोत्तर अमेरिकेत या धंद्यात दोन प्रकारचे चालक होते. एक, शहरातल्या शहरात माल पोहोचविणारे. दुसरे, एका शहरातून दुसऱ्या शहरात रात्र-रात्र गाडी नेणारे. दुसऱ्या वर्गाचे वेतन सामान्यतः अधिक. आणि नेमके तेच दार या माणसाला बंद होते.

हा आरोप नव्हे, न्यायालयाच्या दप्तरातील वस्तुस्थिती आहे. टी.आय.एम.ई.-डी.सी. या देशव्यापी माल-वाहतूक कंपनीविरुद्ध सरकारने खटला भरला. ३१ मार्च १९७१ रोजी तिच्याकडे लांब पल्ल्याचे १,८२८ चालक होते. त्यांत कृष्णवर्णीय अवघे आठ, आणि तेही खटला सुरू झाल्यावर घेतलेले. १९६९ पूर्वी या कामावर नियमितपणे एकच कृष्णवर्णीय होता : शिकागोच्या ठाण्यावर, १९५० ते १९५९. बाकीच्या अर्जदारांना कंपनी अजून ‘तयार’ नाही, अशा अर्थाची उत्तरे मिळत. लोकशाहीसाठी ट्रक हाकायला जो तयार होता, त्याच्यासाठी कंपनी तयार नव्हती!

आपल्या दृष्टीने यातील बोचरी गोष्ट पुढेच आहे. या खटल्यात कंपनीच्या शेजारी ट्रकचालकांची प्रबळ कामगार संघटना, टीमस्टर्स, प्रतिवादी म्हणून उभी होती. तिने केलेल्या करारानुसार शहरातील चालक लांब पल्ल्याच्या कामावर गेला, तर त्याची पूर्वीची सेवाज्येष्ठता तेथे धरली जात नसे. तो यादीच्या तळाशी जाई आणि मंदीत सर्वांआधी घरी बसे. सेवाज्येष्ठता ही कामगारांनी मालकाच्या मर्जीविरुद्ध झगडून मिळविलेली ढाल. पण आत येण्याचीच बंदी असलेल्यांच्या बाबतीत तीच ढाल भिंत झाली. मुंबईच्या गिरण्यांत विणकाम खाते अस्पृश्यांना बंद होते, आणि १९२८ च्या संपात हा प्रश्न डॉ. आंबेडकरांना संपाच्या पुढाऱ्यांसमोर लावून धरावा लागला, हे येथे कोणालाही आठवेल.

सर्वोच्च न्यायालयाचा निकाल ३१ मे १९७७ रोजी लागला. कंपनीने भेदभाव केला हे मान्य झाले. सेवाज्येष्ठतेची पद्धत मात्र वैध ठरली. ज्यांना २ जुलै १९६५ नंतर, म्हणजे नागरी हक्क कायद्याचे रोजगारविषयक कलम अमलात आल्यानंतर, नाकारले गेले, त्यांना भरपाई म्हणून मागील सेवाज्येष्ठता मिळू शके. त्यापूर्वी नाकारलेल्यांना काही नाही. हिशेब सरळ आहे. आपला तो चालक निकालाच्या वेळी त्रेपन्न वर्षांचा असणार, आणि कायदा लागू झाला तेव्हा एकेचाळीस. तारुण्याची वीस वर्षे हिशेबातून वजा! न्यायमूर्ती मार्शल आणि ब्रेनन यांनी सेवाज्येष्ठतेच्या या भागाशी असहमती नोंदविली, एवढेच समाधान.

आणि दार उघडले तेव्हा घरात काय उरले होते? १९६४ साली टीमस्टर्सने देशव्यापी करार करून सुमारे चार लाख चालकांना एका वेतनमानाखाली आणले होते. १ जुलै १९८० रोजी अध्यक्ष कार्टर यांनी या धंद्यावरील नियंत्रणे सैल करणाऱ्या कायद्यावर सही केली. संघटित कंपन्या एकामागून एक बुडाल्या, वास्तविक वेतन घसरले. लांब पल्ल्याच्या पुष्कळ चालकांना आजही मैलावर पैसे मिळतात. गोदामाच्या फलाटावर माल उतरण्याची वाट पाहण्यात गेलेल्या तासांचे बहुधा फारसे काही मिळत नाही. जादा कामाच्या दीडपट वेतनाच्या तरतुदीतून आंतरराज्य ट्रकचालकांना १९३८ साली वगळले होते. ती सूट अद्याप कायम आहे. या धंद्यात आज कृष्णवर्णीय चालक मोठ्या संख्येने आहेत.