कायमचा पत्ता

(स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजकांनी फोन करून मला ‘माझी यशस्वी वाटचाल’ असा विषय दिला होता. मी म्हटलं, वाटचाल सगळ्यांचीच झाली आहे, गुडघे सांगतात. त्यापेक्षा मी माझ्या एका चुकीबद्दल बोलू का? पलीकडे जरा शांतता पसरली. मग उत्तर आलं, "बोल, पण दहा मिनिटांत आटप. नंतर जेवणं आहेत."

आठवीपासून मी वर्गाची मॉनिटर होते. बाई वर्गाबाहेर गेल्या की बोलणाऱ्यांची नावं फळ्यावर लिहायचं काम माझं. समोर बसलेल्या निम्म्या मंडळींनी त्यापायी छड्या खाल्ल्यात आणि व्हॉट्सॲपवर ते मला अजून ऐकवत असतात. पुढे इंजिनिअर झाले, पुण्यात नोकरीला लागले. वीसेक वर्षं तेच करतेय म्हणा ना. नोंदी नीट ठेवायच्या आणि नियमात न बसणारं बाहेर काढायचं.

सहा-सात वर्षांपूर्वी ऑफिसातले आम्ही पंधरा जण पुण्यातल्या एका बेघर निवाऱ्यात ब्लँकेटं वाटायला गेलो. रीतीप्रमाणे फोटो काढले. निघताना तिथल्या काळजीवाहक मावशी म्हणाल्या, "ताई, ब्लँकेटं माळ्यावर ढीगभर पडलीत. रात्रीचं रजिस्टर लिहायला कुणी येत असंल तर बघा." त्या मलाच म्हणाल्या असं नाही, मी सगळ्यात जवळ उभी होते इतकंच. पण रजिस्टर म्हटल्यावर माझ्यातली मॉनिटर जागी झाली. तेव्हापासून एकाआड एक शनिवारी मी रात्री नऊ ते सकाळी सहा तिथे असते.

इमारत एका बंद पडलेल्या शाळेची आहे. पुरुषांची झोपायची खोली म्हणजे जुना वर्ग. भिंतीवरचा फळा कुणी काढलेला नाही. त्याच्या खाली गाद्यांची रांग, कोपऱ्यात कुलूप लावायच्या पेट्या, बाहेर नळ. बायकांची खोली वेगळी, लहान, आणि तिला आतून कडी. साडेदहाला दिवे मालवतात. मग खोकल्यांचे आवाज आणि बामचा वास. साठ माणसं झोपलेली खोली किती बोलते, हे तिथे बसल्याशिवाय कळत नाही.

मला वाटायचं, इथे भिकारी येत असतील. पहिल्या महिन्याभरात हा समज गेला. केटररकडे रोजावर वाढायला जाणारे, हॉटेलात भांडी घासणारे, सकाळी मजूर अड्ड्यावर उभे राहणारे बिगारी, रात्रपाळीचं काम सुटलेले वॉचमन. जवळजवळ सगळे कमावते. पण पुण्यात कॉट बेसिसवर राहायचं तरी डिपॉझिट लागतं, आधार कार्ड लागतं, ओळखीचा माणूस लागतो. रोज हातात पडणाऱ्या पैशातून डिपॉझिट साठत नाही, कारण साठवलेले पैसे ठेवायला कुलूप नसतं.

२०११ च्या जनगणनेत बेघरांची मोजणी एका रात्रीत झाली, २८ फेब्रुवारीच्या. फुटपाथ, पुलाखाली, पाण्याचे मोठे पाइप, रेल्वेचे फलाट, देवळांचे मंडप अशा ठिकाणी देशभरात सुमारे १७ लाख ७० हजार माणसं सापडली. त्या रात्री मी कुठे होते, तर घरी. त्या काळात स्टेशनवरून रात्री-अपरात्री कितीदा आले असेन, पण फलाटावर झोपलेल्या माणसांना वळसा घालून जाण्यापलीकडे मला त्यातलं एकही माणूस दिसलं नव्हतं.

शिक्षक मंडळींना आवडेल म्हणून एक सांगते. आपण शाळेत होतो तेव्हा शाळेत खिचडी शिजत नव्हती. नंतर ती आली, त्यामागे अन्नाच्या हक्कासाठी २००१ मध्ये सर्वोच्च न्यायालयात गेलेली एक याचिका होती. त्याच याचिकेत पुढे २०१० मध्ये, दिल्लीच्या कडाक्याच्या थंडीत एक तात्पुरता निवारा पाडला गेल्यावर, बेघरांच्या निवाऱ्यांचा प्रश्न आला. शहराच्या दर लाख लोकवस्तीमागे एक निवारा हवा आणि तो बाराही महिने, चोवीस तास उघडा हवा, असं न्यायालयाने सांगितलं. सरकारी योजनेत माणशी ५० चौरस फूट जागा धरली आहे. खिचडी आणि ही गादी, दोन्ही एकाच याचिकेतून आल्या.

‘चोवीस तास उघडा’ हे शब्द लक्षात ठेवा. माझी चूक तिथेच आहे.

तिथलं कागदी रजिस्टर म्हणजे गोंधळ होता. एकच माणूस तीन नावांनी, तारखा खोडलेल्या, पानांवर चहाचे डाग. तपासणीला कुणी आलं की मावशींना घाम फुटायचा. मी दोन महिने खपून टॅबलेटवर चालणारं एक ॲप केलं. नाव, वय, फोटो, आजार, आधार क्रमांक, कायमचा पत्ता. पत्त्याचा रकाना भरल्याशिवाय पुढे जाता येत नव्हतं. का? आम्ही फॉर्म तसेच करतो म्हणून. बेघर माणसाला कायमचा पत्ता सक्तीने विचारणारं सॉफ्टवेअर मी लिहिलं आणि कुणीही हसलं नाही. मीसुद्धा नाही. लोक काहीबाही सांगायचे. एकाने फलाटाचा नंबर सांगितला. एका म्हाताऱ्या बाबांनी गावाचं नाव सांगितलं आणि म्हणाले, "पण ते आता उजनीच्या पाण्याखाली आहे, पोरी. लिही." मी लिहिलं. ॲपने ते बिनतक्रार घेतलं.

आणखी एक गोष्ट केली होती. रात्री साडेदहाला त्या दिवसाची नोंद आपोआप बंद व्हायची, म्हणजे आकडे स्वच्छ राहतात. त्यानंतर कुणी नाव घालायला गेलं की पडद्यावर माझं वाक्य यायचं, "आजची नोंद बंद झाली आहे. कृपया उद्या प्रयत्न करा." ‘कृपया’ मी मुद्दाम घातलं होतं.

लग्नसराईतल्या एका बुधवारी पंचावन्न-साठीचे एक काका रात्री पाऊण वाजता दाराशी आले. केटररकडे वाढपी. रिसेप्शनचा बुफे संपून, भांडी गाडीत चढवून सुटका व्हायलाच साडेबारा वाजतात. मावशींनी दार उघडलं आणि नोंद करायला गेल्या. नोंद होईना. नोंद नसलेला माणूस आत सापडला तर नोकरीवर येईल म्हणून त्या घाबरल्या. काका समोरच्या फुटपाथवर झोपले. सकाळी उशाची पिशवी गेलेली. त्यात फोन, आधार कार्ड, पासबुक, साखरेच्या गोळ्या आणि दोन दिवसांची मजुरी.

हे मला कुणी सांगितलं नाही. शनिवारी मी ॲपच्या नोंदी चाळत होते, तेव्हा बुधवारी रात्री १२ वाजून ४६ मिनिटं ते १२ वाजून ५१ मिनिटं या वेळात एकच नोंद चार वेळा नाकारलेली दिसली. चार वेळा. मावशींनी पाच मिनिटं प्रयत्न केला होता. मी विचारलं तेव्हा सगळं बाहेर आलं. काका तिथेच फळ्याखाली बसले होते. म्हणाले, "मशीन बंद झालतं मॅडम. कुनाचा काय दोष नाय."

ते मशीन माझं आहे, हे मी त्या रात्री त्यांना सांगितलं नाही. तीन आठवडे लागले मला. सांगितल्यावर ते जरा वेळ माझ्याकडे बघत राहिले, मग म्हणाले, "मग आता उघडं ठेवा की."

वेळेची अट त्याआधीच काढून टाकली होती, त्याला दहा मिनिटंही लागली नव्हती. त्यांचे कागद परत मिळवायला मात्र चार महिने गेले. आधारसाठी मोबाइल नंबर हवा, तोच नंबर परत मिळवायला सिमच्या दुकानात आधार हवं. आम्ही याला डेडलॉक म्हणतो. दोन कामं एकमेकांसाठी खोळंबतात आणि दोन्ही कायमची थांबतात. कॉलेजात यावर मला पैकीच्या पैकी मार्क होते. आता रांगेत उभं राहून ते पुन्हा शिकले. केंद्रावर बोटांचे ठसे उमटेनात, भांडी घासून घासून रेषा गेलेल्या. शेवटी डोळ्यांवरून ओळख पटली. त्या चार महिन्यांत त्यांची साखर वाढली, पायाला जखम झाली. बरी झाली, पण एक बोट काढावं लागलं. गोळ्या चुकल्यामुळेच झालं का, असं मी डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, तसं एकाच कारणावर बोट ठेवता येत नाही. मला त्या उत्तराने बरं वाटलं नाही.

पत्त्याचा रकाना ऐच्छिक करून आता आम्ही विचारतो, "काल रात्री कुठे झोपलात?" याचं उत्तर प्रत्येकाकडे असतं. ही अक्कलही माझी नव्हे. बेघर माणसाला मतदार यादीत नाव घालायचं असेल तर निवडणूक आयोग त्याच्याकडे पत्त्याचा पुरावा मागत नाही. मतदान केंद्राचा अधिकारी रात्री त्या जागी जाऊन तो माणूस खरंच तिथे झोपतो का ते बघतो, तेही एकाहून जास्त रात्री. आमच्याकडे एक बाई दोन रात्री अकराच्या सुमाराला आल्या होत्या, दिवसभराची त्यांची स्वतःची नोकरी करून. सरकारी कामाला आपण उगाच नावं ठेवतो. हा नियम माझ्या ॲपपेक्षा शहाणा आहे.

पण ॲप सुधारल्याने प्रश्न सुटला, असं समजू नका. रात्री एक वाजता दार वाजलं तर उठायला माणूस लागतो. मावशी एकट्या. पहाटे पाचला पाणी भरायला त्याच उठणार. म्हणून लग्नसराईत आम्ही चौघी-पाच जणी रात्री अकरा ते दोन पाळीने दाराशी बसतो. माझं इंजिनिअरिंग तिथे काहीही कामाचं नाही. थर्मास लागतो आणि मच्छर अगरबत्ती लागते.

काका आता निवाऱ्यात राहत नाहीत. एका मेसवाल्याने त्यांना कायम ठेवून घेतलंय, मागच्या खोलीत जागाही दिलीय. लग्नाच्या तारखांना मात्र त्यांचा हमखास फोन येतो, "मॅडम, आज चार पोरं येतील. एक वाजंल. मावशीला सांगून ठेवा."

आपल्या बॅचमध्ये दोघांची मंगल कार्यालयं आहेत आणि एकीचा केटरिंगचा व्यवसाय आहे, हे मला ग्रुपवरून कळलं. तुम्हा तिघांना मी जेवणानंतर गाठणार आहे. भांडी चढवून झाल्यावर तुमची माणसं कुठे जातात, एवढंच विचारायचं आहे. वहीही आणली आहे मी.